एका विजयी क्लबाचा अस्त

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुण मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या निमित्ताने जी व्याख्याने योजिली आहेत, त्यांतील एक तरी खेळाविषयी असावे, असा आपल्या तरुण मंडळाचा आग्रह होता. तो आम्हांस योग्यच वाटला. ह्या वर्षी आपल्या धर्मग्रामात फुटबॉलचा एक क्लब काढावा असा ह्या मंडळींचा संकल्प आहे. जे घर बांधावयास निघाले आहेत त्यांनी आधी दुसऱ्यांची काही घरे पाहून यावीत, उभी असलेलीही पाहावीत आणि पडलेलीही पाहावीत, हे शहाणपणाचे होय. उभ्या घराचे रूप दिसते, परंतु पाया दिसत नाही. पडलेल्या घराचा पाया मात्र उघडा पडलेला असतो. म्हणून आज आम्ही मुख्यतः एका पडलेल्या घराची हकीकत सांगणार आहोत.

ते घर म्हणजे मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल क्लब. २००५–०६ च्या हंगामात हा क्लब राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, म्हणजे साऱ्या देशाचा, विजेता ठरला. २०१० साली तो बंद झाला. हरून हरून तो रसातळास गेला होता असे नाही. त्याचा धनी कंगाल झाला होता असेही नाही. उत्तम खेळाडू होते, करंडक होते, पैसाही होता. आणि तरीही दिवा मालवावा तसा तो मालवला. हे कसे घडले, व ह्यापासून आपल्यासारख्या लहान मंडळींनी काय घ्यावे, हा आजचा विषय.

प्रथम थोडा मागचा इतिहास सांगणे अवश्य आहे. हा खेळ आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. छावणी म्हणजे काय हे नगरकरांस सांगावयास नको. १८०३ साली नगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला, पुढे येथे त्यांचे लष्करी ठाणे वसले, आणि आजही येथे रणगाडा दलाचे मोठे शिक्षणकेंद्र आहे. देशातील अशाच छावण्यांच्या मैदानांवर गोरे शिपाई चेंडू खेळत, व आपली माणसे कडेला उभी राहून पाहात. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड करंडकाचे, आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स करंडकाचे सामने सुरू झाले, तेही मुख्यतः ह्या पलटणींसाठीच. पुढे कडेला उभे असलेले मैदानात आले. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन गोलांस एक असे हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, त्या संघातील बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. मुंबईचा रोव्हर्स करंडक देशी संघाच्या हाती यावयास मात्र १९३७ साल उजाडले. त्या वर्षी तो बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाने जिंकला.

स्वराज्य आले, पलटणी गेल्या, परंतु खेळाला कोणाचा तरी आश्रय हवाच होता. कलकत्त्यास तो क्लबांच्या सभासदांनी दिला. मुंबईत तो कचेऱ्यांनी आणि गिरण्यांनी दिला. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया अशा नावांचे संघ कूपरेजच्या मैदानावर उतरू लागले. १९५८ सालचा रोव्हर्स करंडक कॅल्टेक्स ह्या तेलकंपनीच्या संघाने जिंकला होता. ह्या पद्धतीचे वर्म नीट ध्यानात घ्यावे. खेळाडू हा प्रथम कंपनीचा नोकर असे व मग खेळाडू. त्याचे नाव कचेरीच्या पगारपत्रकावर असे. सरावासाठी व सामन्यांसाठी त्यास सवलत मिळे. वय झाले, गुडघा दुखावला, की खेळ सुटे, परंतु नोकरी सुटत नसे. गरिबाच्या मुलास ह्याहून मोठा आधार तो कोणता? आईबाप मुलास मैदानावर जाऊ देत ते पुष्कळ वेळा ह्याच भरवशावर.

अशा कंपनी-संघांपैकीच एक महिंद्रांचा. ही कंपनी १९४५ साली के. सी. महिंद्रा व जे. सी. महिंद्रा हे बंधू आणि त्यांचे भागीदार गुलाम महंमद ह्यांनी ‘महिंद्रा अँड महंमद’ ह्या नावाने स्थापिली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीस ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव मिळाले. जीप गाडीमुळे तिचे नाव खेडोपाडी पोहोचले, आणि ह्याच कारणाने वर्तमानपत्रे पुढे तिच्या फुटबॉल संघास ‘जीपवाले’ म्हणू लागली. हा संघ १९६२ साली उभा राहिला. लाल पोषाखातील हे गडी कित्येक वर्षे मुंबईच्या मैदानांवरील एक बरा संघ म्हणून गणले जात. पुढे कंपनीने ह्या संघाकडे अधिक लक्ष पुरविले, त्यास महिंद्रा युनायटेड असे क्लबाचे नाव दिले, आणि देशभरातून उत्तम खेळाडू आणविले. त्याचे फळही मिळाले. १९९८, २००१ आणि २००८ ह्या तीन वर्षी त्याने ड्युरँड करंडक जिंकला. २००३ व २००५ साली फेडरेशन करंडक. २००६ व २००८ साली आय. एफ. ए. ढाल. बंगाली प्रेक्षकांच्या गर्दीत जाऊन कलकत्त्याची ढाल मुंबईस आणणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु करंडक निराळे आणि लीग निराळी. करंडकाच्या सामन्यांत बहुधा बाद पद्धत असते. एक दिवस वाईट गेला, की संघाने सामान बांधून घरी जावे. लीगमध्ये, म्हणजे साखळी पद्धतीत, प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या गावी व एकदा त्याच्या गावी. आणि महिनोन्‌महिने केलेल्या गुणांच्या बेरजेवर विजेता ठरतो. एका पावसाने पीक ठरत नाही, सबंध हंगामाने ठरते, तसाच हा न्याय. इंग्लंडात ही पद्धत ॲस्टन व्हिला क्लबाचे विल्यम मॅकग्रेगर ह्यांच्या पुढाकाराने बारा क्लबांनी १८८८ साली सुरू केली. आपल्या देशात सर्व प्रांतांची मिळून अशी लीग यावयास १९९६ साल लागले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तीस राष्ट्रीय फुटबॉल लीग असे नाव दिले.

ही लीग अकरा हंगाम चालली. पहिला मान १९९६–९७ साली पंजाबातील फगवाडा येथील कापडगिरणीच्या जेसीटी संघास मिळाला. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन हे दोघेही त्या वर्षी ह्या गिरणीकडून खेळत होते. त्यानंतर मोहन बागानने तीनदा, ईस्ट बंगालने तीनदा, गोव्याच्या साळगावकर संघाने एकदा व डेंपो संघाने दोनदा ती जिंकली. उरला एक हंगाम, दहावा. तो महिंद्रा युनायटेडचा. गोव्याचे डेरिक परेरा हे त्या वर्षी प्रशिक्षक होते. ब्राझीलचा होझे बारेटो, घानाचा युसिफ याकुबू आणि मुंबईचाच स्टीव्हन डायस हे त्या संघातील गडी. महाराष्ट्रातील दुसरा कोणताही संघ ही राष्ट्रीय लीग जिंकू शकला नाही. २००७ साली तिचे रूप बदलून तिला आय-लीग हे नाव देण्यात आले, आणि जुनी राष्ट्रीय लीग इतिहासजमा झाली.

येथपर्यंत कथा चढणीची आहे. आता उतरण पाहू. लीग आली तेव्हा खेळाचा हिशेबच पालटला. पूर्वी कंपनीचा संघ म्हणजे पगारपत्रकावरील आणखी पंचवीस-तीस नावे. कंपनीच्या जमाखर्चात ती कोठे आहेत हेही कोणी विचारीत नसे. आता परदेशी खेळाडू आले, ठराविक मुदतीचे करार आले, आज गोवा, उद्या कलकत्ता, परवा पंजाब असा प्रवास आला. त्यातच आशियाई फुटबॉल महासंघाने व्यावसायिक क्लबांसाठी परवान्याच्या अटी घातल्या: क्लब स्वतंत्र संस्था असावा, त्याचे हिशेब निराळे असावेत, मुलांचे संघ असावेत, मैदानाची सोय असावी. ह्या अटी वाईट नव्हत्या. क्लब आपल्या पायांवर उभा राहावा हाच त्यांचा हेतू होता. परंतु कचेरीच्या छत्राखाली वाढलेल्या संघास आपले पाय कोठून असणार? एअर इंडियाचा संघ ह्याच परवान्याच्या कारणाने २०१३ साली लीगबाहेर पडला.

खर्च असा वाढत असता उत्पन्न काय होते? कूपरेजचे मैदान क्लबाचे नव्हते. तिकिटांचे उत्पन्न अशा खर्चापुढे किरकोळच. क्लबाचा खरा आधार एकच, कंपनीची इच्छा. आणि २०१० साली ती इच्छा बदलली. हंगाम संपताच संघ बंद करावयाचा, असे कंपनीने जाहीर केले. कारण दिले तेही ऐकण्यासारखे आहे: आपला पैसा मोठ्यांच्या एका संघावर न घालता शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळवावा. त्याप्रमाणे स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाच्या साहाय्याने तिने शाळांच्या मुलांचे सामनेही सुरू केले.

ह्या प्रसंगी कंपनीस दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही. अठ्ठेचाळीस वर्षे जिने खेळ पोसला, तिने एक दिवस हात आखडता घेतला म्हणून तिला कृतघ्न म्हणणे हे न्यायाचे नव्हे. मुलांना खेळ शिकविणे हेही काही वाईट काम नव्हे. आमचे म्हणणे निराळे आहे. हा निर्णय झाला तेव्हा दुसऱ्या कोणास विचारावयाचे होते? ज्यांनी उन्हातान्हात कूपरेजवर टाळ्या वाजविल्या त्यांस मत नव्हते. खेळाडूंस मत नव्हते. क्लबाची सभा नव्हती, कारण क्लबास सभासदच नव्हते. संघास प्रेक्षक होते, चाहते होते, पगारी माणसे होती. ‘हा माझा आहे’ असे हक्काने म्हणणारा मात्र एकच होता. ज्या झाडास एकच मूळ असते, त्याचे ते मूळ कुजावे लागत नाही. नुसते सैल झाले तरी झाड आडवे होते.

हा प्रकार एकट्या महिंद्रा क्लबाचाच नव्हे. २०११ साली, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, पहिल्या लीगचा विजेता जेसीटी संघही त्याच्या धन्यांनी मोडला. मुंबई एफ. सी. हा २००७ साली निघालेला क्लब २०१७ साली आय-लीगमधून खाली घसरला आणि त्याचा संघ पुन्हा उभा राहिला नाही. आपल्या शेजारच्या पुण्याकडे पाहा. पुणे एफ. सी. हा २००७ साली पिरामल उद्योगसमूहाने काढलेला संघ. २०१२–१३ साली त्याने आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविला, आणि आज तो नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्यास पुणे सिटी हा दुसरा संघ मिळाला. २०१९ साली तोही गेला व त्याची जागा हैदराबादेस मिळाली. बालेवाडीच्या क्रीडांगणावर नगर जिल्ह्यातून हौसेने सामने पाहावयास जाणारी मंडळी ह्या सभेत असतील. त्यांचा संघ हरला नाही, तो दुसऱ्या गावी गेला.

क्लबच नव्हे, लीगही ह्याच रीतीने डळमळते. २०१० च्या डिसेंबरात महासंघाने खेळाचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना एका कंपनीच्या हवाली केले. त्यातून सुपर लीग निघाली, दिवे लागले, दूरदर्शनवर झगमगाट झाला. २०२२–२३ पासून देशाची पहिली लीग हा मान आय-लीगकडून पूर्णपणे तिच्याकडे गेला. आणि कराराची पंधरा वर्षे संपत आली, पुढचा करार होईना, तेव्हा २०२५ च्या जुलैत नवा हंगाम स्थगित ठेवल्याचे चालकांनी जाहीर केले. एका कागदाची मुदत संपते, आणि देशभरचे खेळाडू चेंडू काखेत घेऊन बसून राहतात! आधार एकच असला म्हणजे असे होते.

तर मग टिकते काय? काही उदाहरणे पाहू. मोहन बागान हा १८८९ सालचा, सभासदांचा क्लब. त्यासही पैसा लागलाच. २०२० साली त्याच्या फुटबॉल संघाचा मोठा वाटा एका उद्योगपतींनी घेतला, व त्यांच्या पूर्वीच्या संघाचे नाव मोहन बागानच्या नावापुढे जोडले गेले. चाहत्यांस ते सोसले नाही. त्यांनी तीन वर्षे निषेध चालविला, आणि २०२३ साली ते जोडलेले नाव काढण्यात आले. पैसा धन्याचा, परंतु नावावर हक्क लोकांचा, हे तेथे मान्य करावे लागले. महिंद्रा क्लबासाठी असा निषेध कोण करणार होते?

इंग्लंडात विम्बल्डन नावाचा जुना क्लब होता. १९८८ साली त्याने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफ. ए. करंडक जिंकला होता. २००२ साली त्याच्या चालकांस तो दूरच्या मिल्टन कीन्स ह्या नव्या शहरात हलविण्याची परवानगी मिळाली. चाहत्यांनी काय केले? रडत बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी आपला निराळा क्लब काढला, त्याची मालकी आपल्याच मंडळाकडे ठेवली, तळच्या सामन्यांपासून आरंभ केला, आणि नऊ वर्षांत, २०११ साली, तो क्लब पुन्हा राष्ट्रीय लीगमध्ये नेऊन बसविला. जर्मनीत तर १९९८ पासून नियमच आहे, की क्लबातील निम्म्याहून एक अधिक मत सभासदांपाशीच असले पाहिजे.

आणि ज्या सेल्टिक क्लबाचे साहाय्य महिंद्रांनी घेतले, त्याची कथा तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम ऐकावी. तो क्लब कोणा गिरणीत वा कचेरीत जन्मला नाही. ग्लासगो शहरातील सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात, १८८७ च्या नोव्हेंबरात, ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या मारिस्ट संघाच्या व्रतस्थ शिक्षकाने इतर मंडळींसह तो स्थापिला. हेतू हा, की सामन्यांच्या उत्पन्नातून शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांस जेवण मिळावे. १८९७ साली त्याची मर्यादित कंपनी झाली, व तो मूळ हेतू मागे पडला, ही खेदाची गोष्टही सांगितली पाहिजे. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९४ साली, कर्जामुळे तो बंद पडण्याच्या बेतात आला. तेव्हा फर्गस मॅककॅन ह्या एका श्रीमंत चाहत्याने त्यास सावरले. परंतु त्याने केवळ स्वतःच्या थैलीवर भार ठेवला नाही. क्लबाचे भाग सामान्य चाहत्यांस विकले, आणि हजारो लोकांनी ते घेतले. एकाने तारले, व अनेकांच्या हाती दिले. दातृत्व असावे तर असे.

आता आम्ही दूरदेशीचे बोलणे थांबवून आपल्या जिल्ह्यात येतो. हा धडा आपल्या मातीने फार पूर्वी शिकविलेला आहे. हरेगावास मतमाउलीच्या यात्रेस आपण जातो. त्याच गावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. किती घरांच्या चुली त्यावर पेटत, हे आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. तो कारखाना कंपनीचा होता. तो आज नाही. त्याच आपल्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांपासून भागभांडवल जमविले, धनंजयराव गाडगीळ ह्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी मार्ग दाखविला, आणि १९५० च्या सुमारास लोणी येथे प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. तेथे ऊस पिकविणारा हाच भागधारक. सर्व सहकारी कारखाने सुखात आहेत असे आम्ही म्हणत नाही. भागधारक झोपले, सभेस गेले नाहीत, हिशेब विचारला नाही, तेथे सहकाराचेही वाटोळे झालेले आपण पाहिले आहे. म्हणून मालकी वाटून घेणे एवढ्याने भागत नाही. वाटून घेतलेली मालकी जागी ठेवावी लागते.

आता आपल्या होऊ घातलेल्या क्लबाविषयी. आपणांपैकी कित्येकांस ठाऊक आहे, की आपल्यातीलच एका उदार गृहस्थांनी पहिल्या तीन वर्षांचा सर्व खर्च एकट्याने सोसण्याची इच्छा प्रकट केली आहे. पोषाख, चेंडू, प्रवास, शिक्षकाचे मानधन, सर्व. तरुण मंडळी आनंदित झाली आहेत, आणि ते साहजिक आहे. आम्हीही त्या गृहस्थांचे मनःपूर्वक आभार मानतो. परंतु आम्ही त्यांस, व आपणा सर्वांस, नम्रपणे असे सुचवितो, की हे सर्व दान जसेच्या तसे घेऊ नये.

कोणी म्हणेल, ‘फादर, वर्गणीवर कोणी राष्ट्रीय लीग जिंकली आहे काय?’ प्रश्न रास्त आहे. नुसत्या वर्गणीवर महिंद्रांचा संघ उभा राहिला नसता, बारेटो मुंबईस आला नसता, आणि महाराष्ट्रास तो एक विजयही मिळाला नसता. मोठ्या कामास मोठा हात लागतो. आमचा विरोध मोठ्या हातास नाही. सर्व भार त्या एका हातावर टाकून बाकीच्यांनी हात बांधून उभे राहण्यास आहे. म्हणून आमची सूचना अशी. जे एकदाच करावयाचे व पुष्कळ वर्षे टिकावयाचे, म्हणजे मैदान सपाट करणे, गोलाचे खांब उभारणे, पाण्याची टाकी बांधणे, ते ह्या गृहस्थांच्या देणगीतून व्हावे. जे दर महिन्यास लागते ते सभासदांच्या वर्गणीतून व्हावे. वर्गणी महिन्यास दहा रुपये असावी, म्हणजे ऊसतोडणीस जाणाऱ्या घरातील मुलासही ती जड वाटणार नाही, आणि फुकट मिळाले असेही वाटणार नाही. मुलींस वेगळी वही नको. त्याच वहीत त्यांची नावे असावीत. कमिटीत खेळणाऱ्या मुलांच्या आयांपैकी दोघी तरी घ्याव्यात, कारण पोषाखास किती पैसे लागतात व किती लावले जातात हे त्यांच्याइतके कोणास कळत नाही. आणि वर्षातून एकदा, सर्वांच्या समक्ष, जमाखर्च मोठ्याने वाचला जावा. क्लबास कोणा व्यक्तीचे नाव देऊ नये, हयात नाही व दिवंगतही नाही, मग ते आमचे असो वा दात्याचे.

अशा क्लबाचा पोषाख कदाचित साधा असेल. बाहेरगावच्या सामन्यास टेंपोतून जावे लागेल. पहिल्या वर्षी पुष्कळ हार होईल. ह्यात लाज नाही. महिंद्रांच्या लाल पोषाखात खेळलेले खालिद जमील हे २०१७ साली दूरच्या मिझोरमातील ऐझॉल क्लबाचे प्रशिक्षक होते. तो क्लब आदल्या वर्षी लीगमधून खाली ढकलला गेला होता; गोव्याचे संघ बाहेर पडल्यामुळे त्यास पुन्हा जागा मिळाली, आणि त्याच हंगामात त्याने बड्या क्लबांस मागे टाकून आय-लीग जिंकली. एका लहानशा डोंगरी राज्याने आपल्या गावच्या संघामागे कसे उभे राहावे, हे त्या वर्षी देशाने पाहिले. त्याच जमील ह्यांस २०२५ च्या ऑगस्टात भारताच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले. महिंद्रा क्लब गेला, परंतु तेथे जे शिकले गेले ते सारेच वाया गेले नाही, एवढे समाधान मानावयास हरकत नाही.

तरुण मित्रांनो, करंडक मिळाला तर आम्हांस आनंदच होईल. परंतु धर्मग्रामाचा पुढचा महोत्सव येईल तेव्हा आपल्या मुलांनी ‘एकेकाळी येथे एक फार चांगला क्लब होता’ असे म्हणू नये. त्यांनी शनिवारी संध्याकाळी त्याच मैदानावर खेळत असावे, व क्लबाच्या सभेत त्यांनी हिशेबाविषयी भांडावे. ज्या संस्थेत लोक हिशेबासाठी भांडतात ती त्यांची असते.

चेंडू विकत घेण्यापूर्वी, म्हणून, आधी एक वही विकत घ्यावी. तरुण मंडळाने ती आणलीच आहे असे आम्हांस कळते. पहिल्या पानावर आमचे दहा रुपये मांडून घ्यावेत. दुसऱ्या ओळीवर आमच्या उदार मित्रांनी आपले नाव लिहावे, व त्यापुढेही दहाच रुपये लिहावेत. त्यांच्या देणगीसाठी निराळे पान आहे. तिसऱ्या ओळीपासून पुढे सबंध वही मोकळी आहे. सभा संपल्यावर ती दाराशी मेजावर ठेवण्यात येईल.